आई-बाबांच्या औषधांचा विमा: अमेरिकेतल्या मेडिकेअर पार्ट डीची पहिली ओळख

मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचं राहायला अमेरिकेत आलेल्या आई-बाबांची औषधं सुरुवातीला भारतातूनच चालतात. नात्यातलं कुणी ना कुणी येत असतं, त्यांच्या बॅगेत गोळ्यांच्या पाकिटांचा एक पुडा असतो, आणि बीपीची गोळी तिकडे इतकी स्वस्त पडते की इथल्या विम्याचा विचारही मनात येत नाही. हे एखाद-दोन वर्षं निभतं. मग इथला हृदयरोगतज्ज्ञ रक्त पातळ करणारी गोळी लिहून देतो, फार्मसीच्या काउंटरवर महिन्याला काहीशे डॉलरचा आकडा ऐकू येतो आणि घरात प्रश्न उठतो: "आपल्याला मेडिकेअर आहे ना? मग औषधं का नाहीत त्यात?"

नाहीत, कारण मूळ मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी असलेल्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्यात, घरी घ्यायच्या गोळ्या-औषधं कधी नव्हतीच. १९६५ च्या कायद्याने हॉस्पिटलसाठी पार्ट ए आणि डॉक्टरांसाठी पार्ट बी आणला. औषधांचा पार्ट डी २००३ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी २००६ ला सुरू झाला. तो सरकार स्वतः चालवत नाही. नियम सरकारचे, बराचसा पैसाही सरकारचा, पण प्लॅन विकतात खाजगी विमा कंपन्या. त्यामुळे एकाच गावात अनेक प्लॅन असतात आणि प्रत्येकाची औषधांची यादी वेगळी, दर वेगळे. "चांगला प्लॅन कोणता?" हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि कुणीतरी आपल्या प्लॅनचं नाव सांगतंही. त्या नावाचा तुम्हाला काही उपयोग नाही. त्यांच्या गोळ्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या. प्लॅन ठरतो तो गोळ्यांच्या यादीवरून. प्रीमियम नंतर बघायचा, शेजाऱ्याचा अनुभव त्याच्याही नंतर.

खालचे आकडे २०२६ सालचे आहेत. ते दर वर्षी बदलतात.

१. आधी मेडिकेअरमध्ये बसता का ते पाहा

वय ६५ पूर्ण हवं. त्यापुढे दोन वाटा आहेत.

स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत साधारण दहा वर्षं काम करून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन योजनेचे) ४० क्रेडिट जमवले असतील तर पार्ट ए फुकट मिळतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेली आणि आता निवृत्त होणारी मराठी मंडळी बहुतेक या वाटेवर आहेत. इथे कधीच नोकरी न केलेल्या काकूंनाही काकांच्या क्रेडिटवर तो मिळतो. मुलाच्या नोकरीवर मात्र आई-बाबांना काही मिळत नाही. मुलगा पंचवीस वर्षं कर भरत असला तरी नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

दुसरी वाट ग्रीन कार्डावर आलेल्या आई-बाबांची. अमेरिकेत सलग पाच वर्षं कायदेशीर कायम रहिवासी म्हणून राहिलं की मेडिकेअर विकत घेता येतं. क्रेडिट अजिबात नसतील तर पार्ट ए महिन्याला ५६५ डॉलर, आणि पार्ट बी २०२.९० डॉलर. दोघांचं मिळून गणित केलं की घाम फुटतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: ६५ च्या पुढच्या माणसाला फक्त पार्ट बी घेता येतो, आणि पार्ट डी घेण्यासाठी ए किंवा बी यांपैकी एक असला तरी पुरतो. पण नुसता बी घेतला तर हॉस्पिटलात भरती झाल्याचा खर्च तुमच्या अंगावर येतो. म्हणून हा निर्णय परस्पर घेऊ नका. खाली ज्या मोफत सल्लागारांबद्दल लिहिलं आहे त्यांच्यासमोर कागद ठेवून घ्या.

पाच वर्षं व्हायची असतील तर तोवर ग्रीन कार्डवाल्यांना मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातला, आरोग्य विमा घेता येतो, वय ६५ च्या पुढे असलं तरी. त्यात औषधं असतात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांसाठी यातलं काहीच नाही. त्यांच्या प्रवास विम्यात रोजच्या जुन्या गोळ्या सहसा धरत नाहीत, तेव्हा त्यांनी पूर्ण मुक्कामाची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट बरोबर आणलेलीच बरी.

ए आणि बी साठी अर्ज सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात करायचा. डी साठी तिथे जाऊन उपयोग नाही. तो प्लॅनच्या कंपनीकडे किंवा मेडिकेअरच्या संकेतस्थळावरून घ्यायचा असतो.

२. तारखा चुकवू नका

पहिल्यांदा पात्र झालात की सात महिने मिळतात: पात्र झालात तो महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन. ६५ वा वाढदिवस मे महिन्यात असेल तर फेब्रुवारी ते ऑगस्ट. ज्यांची पाच वर्षं मेमध्ये पुरी होतात त्यांचंही तसंच. आधीच्या तीन महिन्यांत अर्ज केला तर विमा वेळेवर सुरू होतो, नंतर केला तर पुढच्या महिन्यापासून.

"मला तर एकच थायरॉइडची गोळी आहे, कशाला हवा विमा?" असं म्हणून ज्यांनी पार्ट डी सोडला त्यांना दंड बसतो, आणि तो एकदाच भरून सुटण्यातला नाही. मुदत संपल्यावर सलग ६३ दिवस किंवा जास्त काळ औषधांचा मान्य विमा नसला तर विम्याशिवाय गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला एक टक्का, असा तो मोजतात. टक्का कशाचा? सरकार दर वर्षी एक राष्ट्रीय पायाभूत प्रीमियम जाहीर करतं, त्याचा. २०२६ मध्ये तो ३८.९९ डॉलर आहे. समजा वीस महिने गेले. ३८.९९ चे वीस टक्के म्हणजे ७.८० डॉलर. हे दर महिन्याच्या प्रीमियममध्ये वाढतात आणि पार्ट डी असेपर्यंत वाढलेलेच राहतात. पायाभूत प्रीमियम वाढला की दंडही वाढतो. आकडा लहान वाटतो, पण ६७ व्या वर्षी लागलेला दंड ८७ व्या वर्षीही चालूच असतो.

म्हणून औषधं नसली तरी सगळ्यांत स्वस्त प्लॅन घेऊन ठेवावा. काही भागांत शून्य प्रीमियमचेही असतात.

मान्य विमा कोणता, हे पत्रावरून ठरतं. तुम्ही किंवा जोडीदार अजून नोकरीत असाल तर कंपनीकडून दर वर्षी १५ ऑक्टोबरच्या आत एक पत्र येतं. कंपनीचा औषध-विमा मेडिकेअरच्या तोडीचा आहे की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. बहुतेकांच्या घरी ते जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं. जपून ठेवा, पुढे दंड मागितला तर तेच दाखवायचं असतं. फार्मसीत दाखवायची सवलतीची कूपनं म्हणजे विमा नव्हे. भारतातला मेडिक्लेमही इथे मोजत नाहीत.

३. औषधांची यादी करा, तीही इथल्या भाषेत

या पायरीला वेळ द्या. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

आई-बाबांना गोळ्या ठाऊक असतात त्या ब्रँडने: टेल्मा, थायरोनॉर्म, ग्लायकोमेट, पॅन. ही नावं इथल्या संगणकात सापडत नाहीत. पाकीट उलटं करा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव उतरवून घ्या. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, पॅन म्हणजे पॅन्टोप्रॅझोल. ही चारही इथे जेनेरिक स्वरूपात मिळतात, बहुतेक प्लॅनच्या यादीत असतात आणि स्वस्त असतात. पॅरासिटामॉल मात्र इथे ॲसिटअमिनोफेन या नावाने मिळतं.

खरी अडचण येते ती एकत्र गोळ्यांची. भारतात एकाच गोळीत दोन-तीन औषधं घालायची पद्धत आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी मराठी घरात सर्रास दिसते. इथे ती एकत्र मिळत नाही, दोन वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात. बाबांना वाटतं, डॉक्टरने औषध वाढवलं. वाढवलेलं नसतं. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र असली तर तीही सुटी होते. त्यातलं ॲस्पिरिन साध्या दुकानात बिनाचिठ्ठीचं मिळतं, म्हणून पार्ट डी त्याचे पैसे देत नाही.

काही औषधं तर अमेरिकेत नाहीतच. मधुमेहाची व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड, बीपीची सिल्निडिपिन, पोटासाठीच्या गोळ्यांत मिसळलेलं डॉमपेरिडोन, दुखण्यावरची निमेसुलाइड: भारतात यांची चिठ्ठी रोज लिहिली जाते, इथे यांना मान्यता नाही. यांपैकी एखादं चालू असेल तर आधी इथल्या डॉक्टरची वेळ घ्या, ते बदलून कोणतं देतात ते बघा, आणि ते नवं नाव यादीत लिहा. व्हिल्डाग्लिप्टिनच्या जागी सहसा सिटाग्लिप्टिन येतं, ते इथे जानुव्हिया या ब्रँडने प्रसिद्ध आहे आणि तिथेच खर्चाची उडी असते. प्लॅन निवडल्यानंतर औषध बदललं तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हा क्रम. आणि कृपा करून डोस घरच्या घरी जुळवू नका, विशेषतः थायरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा.

प्रत्येक औषधासमोर चार गोष्टी लिहा: ताकद, म्हणजे किती मिलिग्रॅम, गोळी साधी की हळूहळू विरघळणारी, दिवसातून किती वेळा, आणि तीस दिवसांना किती लागतात. मेटफॉर्मिन साधी आणि मेटफॉर्मिन ईआर (हळूहळू विरघळणारी) यांचे दर आणि नियम निरनिराळे असू शकतात. डोळ्यांचे थेंब, इनहेलर, इन्सुलिनची पेनं विसरू नका.

काही वस्तू पार्ट डी मध्ये येतच नाहीत. च्यवनप्राश आणि अश्वगंधा सोडाच, पण कॅल्शियमच्या गोळ्या, जीवनसत्त्वं, सर्दी-खोकल्याची औषधं, केस उगवायची आणि नुसतं वजन उतरवायची औषधंही नाहीत. साखर तपासायच्या पट्ट्या पार्ट बी मधून मिळतात, डॉक्टरकडे टोचली जाणारी बरीच इंजेक्शनंही बी मधूनच.

४. आता प्लॅन शोधा

पार्ट डी दोन प्रकारे मिळतो. मूळ मेडिकेअर ठेवून वर सुटा औषध-प्लॅन घ्यायचा, किंवा मेडिकेअर ॲडव्हान्टेज नावाचा एकत्र प्लॅन घ्यायचा, ज्यात डॉक्टर, हॉस्पिटल आणि बहुधा औषधं एकाच कंपनीकडे जातात. ॲडव्हान्टेजसाठी ए आणि बी दोन्ही लागतात. कोणतं चांगलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एकच इशारा: एचएमओ किंवा पीपीओ प्रकारच्या (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या जाळ्यावर चालणाऱ्या) ॲडव्हान्टेजमध्ये असताना कुणाच्या सांगण्यावरून सुटा औषध-प्लॅन घेतलात तर ॲडव्हान्टेजमधून तुमचं नाव आपोआप निघतं. मग फेब्रुवारीत डॉक्टरकडे गेल्यावर कळतं.

मेडिकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर प्लॅन शोधायची सोय आहे. झिप कोड घाला, यादीतली औषधं एकेक करून घाला, जवळच्या फार्मसी निवडा. एकच निवडू नका, तीन-चार निवडा. मग प्लॅनची रांग येते. प्रीमियम कमी असलेला प्लॅन वर दिसला की हात तिकडेच जातो. थांबा. रांग वर्षाच्या एकूण खर्चाने लावा, म्हणजे प्रीमियम अधिक औषधांसाठी खिशातून जाणारे पैसे. शून्य प्रीमियमच्या प्लॅनमध्ये तुमची एक महागडी गोळी नसेल तर तो सगळ्यांत महाग ठरतो.

वरचे दोन-तीन प्लॅन उघडून प्रत्येक औषधासमोर काय लिहिलंय ते वाचा. औषध कोणत्या पायरीत आहे? बहुतेक प्लॅन औषधांच्या पाच पायऱ्या करतात, पहिलीत स्वस्त जेनेरिक आणि शेवटच्या पायरीत अतिमहाग औषधं. औषधाला आगाऊ मंजुरी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन, लागते का? आधी स्वस्त औषध वापरून बघायची अट, म्हणजे स्टेप थेरपी, आहे का? महिन्याला गोळ्यांची संख्या मर्यादित आहे का? दिवसाला दोन घेणाऱ्याला प्लॅन एकच देत असेल तर डॉक्टरला पत्र लिहावं लागतं.

फार्मसीचाही फरक पडतो, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. प्लॅनच्या जाळ्यातल्या दुकानांतही काही "पसंतीची" असतात. त्याच गोळीला पसंतीच्या दुकानात शून्य आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात दहा डॉलर, असं होऊ शकतं. टपालाने तीन महिन्यांची औषधं मागवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. आई-बाबांना फार्मसीपर्यंत गाडीने नेणारं कुणी दिवसा घरी नसेल तर सोयीचंही.

हे सगळं जमेना तर फोन करा. १-८००-६३३-४२२७ हा मेडिकेअरचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो आणि दुभाषी मोफत मिळतो. फोन लागल्यावर सुरुवातीलाच "मराठी" म्हणा, नाही जमलं तर हिंदी मागा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा आहे; कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. हे सल्लागार काही विकत नाहीत, कमिशन घेत नाहीत. ओळखीचा एजंट मराठी आहे, घरी येऊन चहा घेतो, हे खरं. पण तो ज्या कंपन्यांचे प्लॅन विकतो तेवढेच दाखवेल.

५. पैसे कसे कापले जातात

जुन्या माणसांकडून "डोनट होल"ची भीती ऐकली असेल: वर्षाच्या मध्यावर विमा हात वर करायचा आणि औषधांचा भार अचानक वाढायचा. ते २०२५ पासून बंद झालं. आता तीनच टप्पे आहेत. पहिला डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीला सगळे पैसे तुमचे; २०२६ मध्ये तो जास्तीत जास्त ६१५ डॉलर असू शकतो, काही प्लॅनमध्ये कमी किंवा शून्य. मग तुमचा वाटा साधारण चौथा हिस्सा, किंवा प्लॅनने ठरवलेली ठरावीक रक्कम, म्हणजे को-पे. आणि वर्षात तुमच्या खिशातून २१०० डॉलर गेले की उरलेलं वर्ष यादीतल्या औषधांना शून्य.

एक हिशेब मांडून बघू. बाबांना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून एलिक्विस ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भाव ठरवायचा अधिकार मिळाला आणि पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एलिक्विस त्यात आहे. तीस दिवसांचा भाव २३१ डॉलर. प्लॅनमध्ये पूर्ण डिडक्टिबल आणि पुढे २५ टक्के वाटा आहे असं धरू, दुकानाची किरकोळ फी सोडून देऊ. जानेवारीत २३१, फेब्रुवारीत २३१. मार्चमध्ये डिडक्टिबलचे उरलेले १५३ आणि बाकी ७८ चा चौथा हिस्सा १९.५०, म्हणजे १७२.५०. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याला ५७.७५. वर्षाचे एकूण ११५४.२५ डॉलर. आता आईला मार्चनंतर हेच औषध सुरू झालं तरी तिचा डिडक्टिबल वेगळाच. नवरा-बायकोचा एकत्र प्लॅन नसतो, मर्यादाही एकत्र नसते. दोघांच्या गोळ्या वेगळ्या असतील तर दोघांना दोन निरनिराळ्या कंपन्यांचे प्लॅन घेतलेले चालतात, बऱ्याचदा तेच फायद्याचं ठरतं.

त्याच दहांच्या यादीत मधुमेहवाल्यांच्या ओळखीची तीन नावं आहेत: जानुव्हिया ११३ डॉलर, जार्डियन्स १९७, फार्झिगा १७८.५०. हे औषधाचे पूर्ण भाव आहेत. तुमचा वाटा त्यातला काही भाग.

इन्सुलिनला डिडक्टिबल नाही आणि यादीतल्या प्रत्येक इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरच्या वर घेत नाहीत. नागीण, धनुर्वात आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) अशा प्रौढांना शिफारस केलेल्या लसी पार्ट डी मधून फुकट मिळतात. फ्लू, न्यूमोनिया आणि कोविडच्या लसी पार्ट बी मधून.

जानेवारीतच मोठा खर्च येणार असेल तर प्लॅनला फोन करून हप्त्यांची सोय मागा. २०२५ पासून प्रत्येक प्लॅनला ती द्यावीच लागते. काउंटरवर काही भरायचं नाही, महिन्याला घरी बिल येतं, व्याज नाही. जानेवारीपासून घेतली तर पहिल्या महिन्याचं बिल १७५ डॉलरच्या वर जात नाही. एकूण खर्च कमी होत नाही, नुसता पसरतो. ऑक्टोबरमध्ये सुरू करून फारसा उपयोग नाही, पसरायला महिनेच उरत नाहीत.

आणि हो, मेटफॉर्मिनसारखी साधी गोळी काही मोठ्या दुकानांत विम्याशिवाय चार डॉलरला मिळते. प्लॅनचा को-पे त्याहून जास्त असेल तर रोख घ्या. पण असे विम्याबाहेर भरलेले पैसे सहसा २१०० च्या मर्यादेत धरले जात नाहीत.

६. एक्स्ट्रा हेल्पचा अर्ज: आई-बाबांसाठी तो बहुधा कराच

एक्स्ट्रा हेल्प म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना पार्ट डीच्या खर्चात मिळणारी सरकारी मदत. मुलगा कमावता आहे म्हणून "आपल्याला कसली सरकारी मदत" असं म्हणत पुष्कळ घरं हा अर्ज करतच नाहीत. इथे उत्पन्न बघतात ते आई-बाबांचं, मुलाचं नाही. ज्यांना इथे सोशल सिक्युरिटी नाही, भारतातली थोडी पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढंच आहे, ते सहज बसतात. २०२६ मध्ये मर्यादा साधारण अशी: एकट्याचं वार्षिक उत्पन्न २३,९४० डॉलरच्या आत, जोडप्याचं ३२,४६० च्या आत. मालमत्ता एकट्याची १८,०९० आणि जोडप्याची ३६,१०० डॉलरपर्यंत.

मालमत्तेत बँकेतले पैसे, शेअर, फंड येतात. राहतं घर आणि गाडी येत नाही. राहत्या घराखेरीज दुसरं घर-जमीन येते, त्यामुळे पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट लपवू नका. भारतातली पेन्शन आणि व्याजही डॉलरमध्ये काढून लिहा. अर्जावर खोटं लिहिल्याचे परिणाम वाईट असतात.

मंजूर झालं तर प्रीमियममध्ये मोठी सूट मिळते, डिडक्टिबल जातो, जेनेरिकला जास्तीत जास्त ५.१० आणि ब्रँडच्या औषधाला १२.६५ डॉलर पडतात. उशिराचा दंडही तोवर लागत नाही. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे करायचा, ऑनलाइन किंवा १-८००-७७२-१२१३ वर. नाकारला तर अपील करता येतं, आणि पुढच्या वर्षी परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्जही.

७. काउंटरवर "नाही" म्हणाले तर

फार्मसीतली मुलगी म्हणते, "प्लॅन कव्हर करत नाही." आई मान डोलावून परत येते आणि गोळीच बंद करते. हे होऊ देऊ नका. तिथेच विचारा: औषध यादीत नाही, की आगाऊ मंजुरी हवी आहे, की पुढचं औषध वेळेआधीच घ्यायला आलो? तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि तिसरी चार दिवस थांबून सुटते.

प्लॅन नवा असेल तर पहिल्या ९० दिवसांत, चालू असलेलं पण यादीत नसलेलं औषध महिनाभराचं एकदा द्यावंच लागतं. त्या महिन्यात डॉक्टरकडून पर्याय घ्या किंवा प्लॅनकडे लेखी निर्णय मागा. डॉक्टरने कारण लिहून दिलं की प्लॅनला ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. तब्येतीला धोका असेल तर २४ तासांत. नकार आला तर त्या पत्रावरच अपील कसं करायचं ते छापलेलं असतं. डॉक्टरच्या ऑफिसातल्या नर्सला गोड बोलून मागे लागावं लागतं, कारण फॉर्म तिच्याच टेबलावर अडकतो.

८. भारतात जाताना

पार्ट डी अमेरिकेबाहेर घेतलेल्या औषधांचे पैसे देत नाही. निघायच्या महिनाभर आधी प्लॅनला फोन करून सांगा की प्रवासासाठी तीन महिन्यांचा साठा हवा. फार्मसीला जे "रिफिल लवकर आहे" म्हणून अडतं त्याला प्लॅन परवानगी देऊ शकतो. शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही. मुक्काम लांबणार असेल तर प्रीमियम बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा. हप्ते थकले की प्लॅन नाव काढतो. सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर सुटा औषध-प्लॅन नाव काढतो, ॲडव्हान्टेज तर बहुधा सहा महिन्यांतच.

९. दर वर्षी, दसरा-दिवाळीच्या सुमारास

सप्टेंबरअखेरपर्यंत प्लॅनकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं जाड पत्र येतं. त्यात प्रीमियम, डिडक्टिबल आणि आई-बाबांच्या औषधांची पायरी एवढं तरी बघा. गेल्या वर्षी दुसऱ्या पायरीत असलेली गोळी चौथ्यात गेलेली असू शकते, आणि हे कुणी फोन करून सांगत नाही. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्लॅन बदलता येतो. यादी ताजी करा, संकेतस्थळावर पुन्हा घाला, एकूण खर्च पुन्हा बघा. बदलायचा असेल तर फक्त नव्या प्लॅनमध्ये नाव नोंदवा, जुना आपोआप सुटतो.

याच दिवसांत फोन वाजायला लागतात. मेडिकेअर स्वतःहून फोन करून काही विकत नाही, दारावर येत नाही. "नवं प्लास्टिकचं कार्ड पाठवतो, फक्त नंबर सांगा" म्हणणाऱ्याला आईने नंबर द्यायचा नाही, समोरचा कितीही अदबीने हिंदीत बोलत असला तरी.

नवं कार्ड डिसेंबरच्या शेवटी येतं. जानेवारीत पहिल्या रिफिलच्या वेळी ते फार्मसीला दाखवा आणि जुनं कार्ड त्यांच्या संगणकातून काढायला सांगा. नाहीतर बिल जुन्या प्लॅनला जातं, नाकारलं जातं, आणि बाबा काउंटरवरून हात हलवत परत येतात.